थिजविलेले तेल

आपल्या खेड्यांत एखादा चाळिशी-पंचेचाळिशीतला कर्ता माणूस छातीत कळ येऊन तासा-दोन तासांत दगावला, म्हणजे घरची माणसे म्हणतात, "त्याला काही दुखणेच नव्हते हो!" हे उद्गार मनापासूनचे असतात, परंतु पुष्कळदा ते खरे नसतात. दुखणे असते, ते वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या आत, कोणताही आवाज न करिता, थराथराने साठत गेलेले असते. कळ आली तो त्याचा पहिला दिवस नव्हे, तर पुष्कळदा शेवटचा होय.

ह्या दुखण्याची कारणे अनेक आहेत. तंबाखू व विडी, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, बैठे काम, अति मीठ व अति गोड ही सर्व त्यांत येतात, आणि एकाच कारणावर सारा दोष ठेवणे न्यायाचे होणार नाही. परंतु एक कारण असे आहे की ते आपल्या ताटातून व चहाच्या बशीतून येते, त्याचा शरीरास काडीचाही उपयोग नाही, आणि मनात आणिले तर ते घरातून पूर्णपणे काढून टाकिता येते. त्यास शास्त्रज्ञ 'ट्रान्स फॅट' असे म्हणतात. नाव परके असले तरी वस्तू परकी नाही. तिचा मोठा साठा आपल्या आजी-आजोबांच्या काळापासून 'डालडा' ह्या नावाने घरात आहे, मग डबा कोणत्याही कारखान्याचा असो. यास्तव ह्या आठवड्याचा पाठ आम्ही ह्या विषयास दिला आहे.

ही वस्तू काय आहे?

शेंगदाण्याचे, तिळाचे किंवा करडईचे तेल पातळ असते. तूप किंवा चरबी थंडीत थिजते. ह्याचे कारण त्यांच्या सूक्ष्म रचनेत आहे. प्रत्येक स्निग्ध पदार्थ लांब साखळ्यांसारख्या कणांचा बनलेला असतो. तुपातील बहुतेक साखळ्या सरळ असतात. तेलातील साखळ्यांस ठिकठिकाणी बाक असतो. आपल्या नांदगाव तालुक्यातील शेतकऱ्यास हे समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. कडब्याच्या सरळ पेंढ्या एकीवर एक रचिल्या तर गंजी घट्ट बसते. बाभळीच्या वाकड्या फांद्या रचिल्या तर मध्ये पोकळी राहते व ढीग ढिला होतो. सरळ साखळ्यांचा पदार्थ घट्ट असतो, वाकड्या साखळ्यांचा पातळ.

आता तेलास घट्ट करावयाचे झाल्यास काय करितात? ते तापवून, त्यात निकेल ह्या धातूची बारीक पूड घालून, त्यातून दाबाखाली हायड्रोजन वायू सोडितात. त्यामुळे काही साखळ्यांचे बाक नाहीसे होतात व तेल थिजू लागते. परंतु क्रिया अर्धवट ठेविली, म्हणजे पदार्थ दगडासारखा टणक न होता लोण्यासारखा मऊ राहावा म्हणून ती मध्येच थांबविली, तर कित्येक साखळ्या एका विचित्र रूपात उरतात. त्यांचा जोड तेलाचा, पण आकार मात्र जवळजवळ सरळ. हेच ट्रान्स फॅट होय. अशा अर्धवट हायड्रोजन दिलेल्या पदार्थांत साधारणपणे शंभर ग्रॅममागे २५ ते ४५ ग्रॅम ट्रान्स फॅट असू शकते असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाई-म्हशींच्या व शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातही असे काही कण तयार होतात, व म्हणून दूध, तूप व मांस ह्यांतही ट्रान्स फॅट अल्प प्रमाणात असते. परंतु जेथे अल्प प्रमाण आहे तेथे भय अल्प आहे. आमचे सांगणे मुख्यतः कारखान्यात बनलेल्या वस्तूविषयी आहे.

ही वस्तू आपल्याकडे कशी आली?

धातूच्या साह्याने हायड्रोजन जोडण्याची विद्या फ्रान्समधील पॉल साबात्ये ह्या रसायनशास्त्रज्ञाने शोधिली. त्याबद्दल त्यास १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पातळ तेलावर ती चालविण्याची कृती जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मन ह्याने १९०२ साली आपल्या नावे नोंदविली. १९११ साली अमेरिकेत सरकीच्या तेलापासून बनविलेले 'क्रिस्को' बाजारात आले.

हिंदुस्थानात प्रथम हा माल परदेशातून येई. पुढे १९३१ साली हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली व १९३२ साली मुंबईत शिवडी येथे तिच्या कारखान्यात वनस्पती तूप निघू लागले. १९३७ साली त्यास 'डालडा' हे नाव मिळाले. माल आणणाऱ्या डच व्यापाऱ्यांचे नाव 'डाडा' होते. त्यात लीव्हर कंपनीने आपल्या नावाचे आद्याक्षर 'ल' घातले व 'डालडा' झाले, असे सांगतात. झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा रिकामा झाल्यावर कोणी त्यात डाळ ठेवी, कोणी तुळस लावी. इतका तो घरचा झाला की पुढे कोणत्याही कारखान्याच्या वनस्पतीस लोक डालडाच म्हणू लागले.

ह्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. खरे तूप गरिबास परवडत नसे. सणाला, लग्नाला, पाहुण्याला काही तुपासारखे मिळावे ही इच्छा स्वाभाविक होती, व ह्या डब्याने ती स्वस्तात पुरविली. शिवाय तो माल लवकर खवट होत नसे, आणि त्यात केलेली खारी व नानकटाई खुसखुशीत होई.

विरोध झालाच नाही असे मात्र नाही. १९४६ साली महात्मा गांधींनी आपल्या 'हरिजन' पत्रातून वनस्पतीविरुद्ध लिहिले. १९५० साली त्यावर बंदी घालण्याचे विधेयकही संसदेपुढे आले होते. बंदी मात्र झाली नाही. त्या काळची मुख्य तक्रार अशी होती की व्यापारी शुद्ध तुपात वनस्पतीची भेसळ करितात. ती ओळखता यावी म्हणून वनस्पतीत शेकडा ५ तिळाचे तेल घालण्याचा नियम करण्यात आला. कारण तिळाच्या तेलाची परीक्षा विशिष्ट रसायनांनी केली असता तांबडा रंग येतो. म्हणजे तुपास वनस्पतीपासून वाचविण्याची तजवीज झाली; परंतु वनस्पती खाणाऱ्यास वनस्पतीपासून वाचवावे हे ज्ञान तेव्हा झालेलेच नव्हते.

शरीरात ती काय करिते?

आपल्या रक्तात कोलेस्टेरॉल नावाचा मेणासारखा पदार्थ असतो व तो शरीरास अवश्यही आहे. त्याची ने-आण करणाऱ्या दोन प्रकारच्या गाड्या आहेत असे समजावे. एक 'एलडीएल', जी माल रक्तवाहिन्यांकडे नेते व जास्त झाली म्हणजे त्यांच्या भिंतींत तो साठविते. दुसरी 'एचडीएल', जी शिल्लक माल गोळा करून यकृताकडे परत आणिते. तूप, लोणी, पामतेल ह्यांतील घट्ट स्निग्धांश पहिल्या गाड्या वाढवितात, परंतु दुसऱ्या कमी करीत नाहीत. ट्रान्स फॅट मात्र दुहेरी नुकसान करिते. ते पहिल्या वाढविते आणि दुसऱ्या घटविते. कचरा टाकणारे वाढले व झाडणारे कमी झाले, तर गल्लीची काय अवस्था होईल हे सांगावयास नको. १९९० साली नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान ह्या दोघा संशोधकांनी माणसांस मोजून आहार देऊन ही गोष्ट सिद्ध केली. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास दाह होण्यासही हे कण कारण होतात असे पुढे दिसून आले.

किती खाल्ल्याने अपाय होतो? दिवसाला २००० कॅलरींचा आहार घेणाऱ्या माणसाने त्यातील शेकडा २ कॅलरी ट्रान्स फॅटमधून घेतल्या, तर हृदयविकाराचा संभव सुमारे शेकडा २३ ने वाढतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दाखविले आहे. शेकडा २ म्हणजे ४० कॅलरी, म्हणजे केवळ साडेचार ग्रॅमच्या आसपास. चहाचा एक चमचाही पुरा भरत नाही! जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा ह्याच्या निम्मी, म्हणजे दिवसाला २.२ ग्रॅमहून कमी अशी आहे. आता हिशेब करून पाहा. शंभर ग्रॅममध्ये ३० ग्रॅम ट्रान्स फॅट असलेल्या जुन्या पद्धतीच्या वनस्पतीचे ३० ग्रॅम कोणी दिवसभरात खाल्ले, तर ९ ग्रॅम ट्रान्स फॅट पोटात गेले, मर्यादेच्या चौपट.

एका म्हाताऱ्याची चिकाटी

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात फ्रेड कुमेरो नावाचे एक संशोधक होते. १९५७ साली त्यांनी दाखविले की हे कण माणसांच्या शरीरात साठतात. तेव्हा त्यांचे कोणी फारसे ऐकिले नाही. वर्षे लोटली. २००९ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांनी सरकारकडे ट्रान्स फॅट बंद करण्याविषयी अर्ज केला. उत्तर येईना, तेव्हा २०१३ साली ते न्यायालयात गेले. २०१५ साली अमेरिकन सरकारने अर्धवट हायड्रोजन दिलेली तेले अन्नात निर्धोक समजता येत नाहीत असा निर्णय दिला. कुमेरो ते पाहण्यास जिवंत होते. २०१७ साली १०२ वर्षांचे होऊन ते वारले.

त्यांच्या आधीच, २००३ साली, डेन्मार्क ह्या लहानशा देशाने कायदा केला की शंभर ग्रॅम स्निग्ध पदार्थात २ ग्रॅमहून अधिक कारखानी ट्रान्स फॅट नसावे. तेथील पाव-बिस्किटे बंद पडली नाहीत, त्यांची चवही गेली नाही. कायद्यानंतरच्या तीन वर्षांत हृदयविकाराचे मृत्यू लाखामागे वर्षाला सुमारे १४ ने कमी झाले, असा पुढील अभ्यासाचा अंदाज आहे. त्या १४ जणांस आपण कोण हे कधी कळणार नाही. परंतु त्यांच्या घरी कर्ता माणूस संध्याकाळी परत आला, हे खरे.

आपल्या देशाचा कायदा

आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला. त्याखालील प्राधिकरणाने वनस्पतीतील ट्रान्स फॅटची मर्यादा पायरीपायरीने खाली आणिली. प्रथम शेकडा १०, पुढे ५, १ जानेवारी २०२१ पासून ३, आणि १ जानेवारी २०२२ पासून २. शेवटचा नियम केवळ डब्यातील वनस्पतीस नव्हे, तर तेल-तूप वापरून केलेल्या खाद्यपदार्थांसही लागू आहे. ही मोठी समाधानाची गोष्ट होय.

तरीपण कायदा कागदावर झाला म्हणजे तो खेड्यातील परातीपर्यंत पोहोचलाच असे नाही. कंपनीच्या पाकिटावर मजकूर छापलेला असतो व त्याची तपासणी होऊ शकते. परंतु सुटी खारी, टोस्ट, क्रीम रोल, शेव व फरसाण कागदात बांधून मिळते; ते कोणत्या तुपात वा तेलात केले हे त्या कागदावर लिहिलेले नसते. मनमाड व चाळीसगाव ह्यांच्या दरम्यानचे आपले नांदगाव हे रेल्वेचे गाव आहे. गाडीची वाट पाहताना चहाबरोबर काहीतरी खाणे ही येथील नित्याची गोष्ट. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरही आता सकाळी शिळ्या भाकरीऐवजी मुलांच्या हातात टोस्ट देण्याची चाल पडली आहे. आई कामाला जाते, वेळ नसतो, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या भाकरीस आपण गरिबीची खूण समजून लाजतो, ती बाजरीची भाकरी, लसणाची चटणी व मूठभर शेंगदाणे हे हृदयास त्या टोस्टहून कितीतरी हितकारक आहेत.

तीन शंका

पहिली शंका: "आमचे आजोबा जन्मभर डालडा खाऊन ऐंशी वर्षे जगले." असतील. परंतु ते डालडा रोज खात होते की सणावारी? ते दिवसाला किती मैल चालत होते? आणि जे पन्नाशीत गेले त्यांची गोष्ट सांगावयास कोण उरले? विहिरीत पडलेला एक जण वाचला म्हणून विहिरीस कठडा नको, असे कोणी म्हणत नाही.

दुसरी शंका: "मग साजूक तूप हवे तेवढे खावे काय?" नाही. साजूक तूप वनस्पतीहून बरे, परंतु तेही घट्ट स्निग्धांशांनी भरलेले आहे. ते चमच्याने वाढावे, पळीने नव्हे. तसेच "ट्रान्स फॅट नाही" असे पाकिटावर छापलेले पाहून निर्धास्त होऊ नये. वनस्पतीच्या जागी पुष्कळ ठिकाणी पामतेल आले आहे. त्यात ट्रान्स फॅट नसते, परंतु ते रोज अति खाल्ल्यास एलडीएल वाढतेच. आणि साखर व मीठ ह्यांविषयी ते चार शब्द काहीच सांगत नाहीत.

तिसरी शंका: "तेल पुनःपुन्हा तापविल्याने ट्रान्स फॅट होते काय?" थोडे होते, परंतु त्याहून मोठा अपाय दुसराच आहे. काळ्या पडलेल्या तेलात अनेक विघातक द्रव्ये तयार होतात. त्यांपैकी 'पोलर' म्हटलेल्या द्रव्यांचे प्रमाण शेकडा २५ च्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. घरी मोजण्याचे यंत्र नसते. परंतु डोळे व नाक आहेत. तेल काळवंडले, चिकट झाले, त्यास फेस येऊ लागला, लवकर धूर सुटू लागला, तर ते भजी तळण्याच्या लायकीचे राहिले नाही असे समजावे.

घरी काय करावे?

१. वनस्पती तुपाचा डबा घरात आणणे बंद करावे. शिरा, लाडू, करंजी ह्यांस थोडे साजूक तूप वा साधे तेल पुरते. नाताळचा फराळ वर्षातून एकदा होतो. तो थोडा कमी करावा, पण चांगल्या जिनसांचा करावा.

२. पाकीट घेताना घटक वाचावेत. 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट', 'शॉर्टनिंग', 'मार्गारिन' असे शब्द दिसल्यास मागील बाजूस ट्रान्स फॅटचा आकडा पाहावा. हा मजकूर बहुधा इंग्रजीत व बारीक अक्षरांत असतो. शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी तो आपल्या आईस व आजीस वाचून दाखवावा. शिक्षणाचा ह्याहून चांगला उपयोग कोणता?

३. तेल मोजून वापरावे. २००० कॅलरींच्या आहारासाठी हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला माणशी सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप सांगते. ह्या मापाने चौघांच्या घरास महिन्याला सुमारे साडेतीन लिटर पुरे. आणि त्यात बाहेर खाल्लेल्या भजी-फरसाणातील तेलही धरले पाहिजे.

४. एकच तेल वर्षभर न वापरता शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल ह्यांपैकी आलटून पालटून घ्यावे.

५. लग्नकार्यात आचाऱ्यास सामानाची यादी करिताना यजमानाने स्वतः विचारावे की मिठाई व पुऱ्या कशात होणार. शंभर-दोनशे पाहुण्यांस जेवू घालणारा त्या दिवसापुरता त्यांच्या जिवाचा राखणदार असतो.

६. छातीत दाब वा कळ, ती डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, दम लागणे ही लक्षणे दिसल्यास "पित्त झाले असेल, गॅस असेल" म्हणून सोडा-लिंबू पाजीत वेळ घालवू नये. स्त्रियांत व मधुमेह असलेल्यांत कळ सौम्य असू शकते किंवा येतही नाही. नुसता थकवा, मळमळ व घाम एवढेच दिसते. लागलीच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हृदयाचा प्रत्येक मिनिट मोलाचा असतो.

शेवटी एक गोष्ट सांगून हा पाठ पुरा करितो. ज्या वस्तूने गरिबास श्रीमंताच्या ताटाची चव दिली, तिचे मोल पुष्कळ गरीब घरांनी फार जबर दराने चुकविले. कारण शहरातील मोठ्या इस्पितळाची वाट नांदगावच्या वस्तीवरून लांब आहे व खर्च त्याहून लांब आहे. रोगाशी झगडण्यास पैसा लागतो. तो टाळण्यास पुष्कळदा केवळ माहिती व थोडा निग्रह लागतो. ही माहिती ज्यास मिळाली त्याने ती शेजाऱ्यास सांगितल्यावाचून राहू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तेल पातळ व तूप घट्ट का असते? अर्धवट हायड्रोजन दिल्याने त्यात काय बदल होतो?

२. तूप व वनस्पती ह्यांच्या रक्तावरील परिणामांत फरक कोणता?

३. १९५० च्या सुमारास वनस्पतीविषयी कोणती तक्रार होती, आणि आजची तक्रार तिच्याहून वेगळी कशी?

४. आपल्या घरी गेल्या महिन्यात तेल-तूप किती आले? ते माणशी व दिवसाप्रमाणे वाटून पाहा.

५. महिला मंडळाने किंवा तरुण संघाने आपल्या गावातील पुढील लग्नकार्यापूर्वी ह्याविषयी कोणते एक काम हाती घ्यावे?